चोरून लावलेलं एरंडेल

इस्पितळातल्या ताईंचं पत्र आलं. शेवंता बरी आहे हे वाचून आनंद झाला, आता तुम्ही तुमचा अनुभव लिहून पाठवा, आजारी पोरं घेऊन नव्या आलेल्या आयांना वाचून दाखवता येईल, त्यांना धीर येईल, असं त्यांनी लिहिलं होतं. ताई म्हणजे वॉर्डात परगावच्या माणसांची सोय बघणाऱ्या बाई. त्यांचा शब्द मोडवत नाही म्हणून लिहायला बसले. पण धीर येईल असं माझ्याजवळ काही आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. धीर देणारे लोक त्या वर्षात मी ढिगानं पाहिले. त्यातल्या एकानंही कधी माझ्या पोरीची उलटी पुसली नाही.

मी भागीरथी. माहेर महाडचं. वडील कोर्टात शिपाई होते, म्हणून माझी चौथी झाली. दिलं पोलादपुराजवळ कापड्याला, भातशेतीच्या घरात. आमचे हे मुंबईला गिरणीत असतात, गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात. घरात मी, सासूबाई आणि शेवंता. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. शेवंता तेव्हा चार वर्षांची होती.

*

गणपती झाले, हे मुंबईला परत गेले, आणि त्याच आठवड्यात अंघोळ घालताना शेवंताच्या डाव्या बरगडीखाली माझ्या हाताला गाठ लागली. कच्च्या पेरूएवढी आणि तशीच घट्ट. दुखतं का विचारलं तर म्हणाली, "नाय." आणि पाणी उडवत बसली. जेवण नीट, खेळणं नीट, अंगात ताप नाही. मी दोनदा दाबून बघितलं आणि आत्याबाईंना हाक मारली.

हाक मारली, कारण आत्याबाई म्हणजे आमच्या खोऱ्यातलं अर्धं इस्पितळ. कुणाची बेंबी सरकली, कुणाचं पोट धरलं, बाळंतिणीचं अंग चोळायचं झालं, की लोक आमच्या ओटीवर यायचे. वरच्या वाड्यांतून, गुरंढोरं दुसऱ्यावर सोपवून, दोन-दोन तास उतरून बाया यायच्या. हाताला गुण आहे म्हणायचे. होताच. लग्न होऊन आल्यापासून मी शेजारी बसून बघत होते. अंगठा कुठून न्यायचा, जोर कुठं सोडायचा, सगळं मला येतं असं मला वाटायला लागलं होतं.

आत्याबाईंनी शेवंताला मांडीवर निजवलं, डोळे मिटले आणि गाठीवर दोन बोटं ठेवली. नुसती ठेवली. मग तिचा परकर सारखा केला आणि म्हणाल्या, "हिला हात लावायचा नाय."

"पानथरीच असेल ना?" मी विचारलं. आमच्याकडे हिवतापानं पोरांची पानथरी, डॉक्टर प्लीहा म्हणतात ती, वाढते, त्यात नवल काही नाही. फवारणीवाले दारावर गेरूनं आकडे लिहून जातात, बोटं टोचून रक्त नेतात, तरी घरटी एक फुगलेलं पोट असतंच.

"पानथरीला कडंला खाच आसते. बोटाला लागते. हिला खाच नाय. ही गाठ माझ्या वळखीची नाय गो. डाक्टरला दाखव."

एवढं बोलून त्या उठल्या. तेल मागितलं नाही, चोळलं नाही. परक्यांच्या पोरांना तास-तास चोळणारी बाई स्वतःच्या नातीला दोन बोटं लावून उठली, हे माझ्या डोक्यात बसलं.

*

महाडला एसटीनं गेलो. बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांकडे रांग होती. त्यांनी पोट दाबलं, पोरीची जीभ बघितली आणि "पानथरी" म्हणाले. कडू औषधाची बाटली दिली. मला इतकं हायसं वाटलं की शेवंताला बांगड्या भरल्या आणि माहेरी जेवून आले. माहेरी वडिलांनी दाबून बघितलं, शेजारणीनं दाबून बघितलं. फणस पिकलाय का बघावा तसं जो येईल तो दाबायचा आणि मत द्यायचा. परत आल्यावर आमच्या आळीतही तेच, मी प्रत्येकाला पोरीचं पोलकं वर करून दाखवत होते.

घरी येऊन मी ठसक्यात सांगितलं, "पानथरीच आहे. डॉक्टरांनी सांगितलं. आता चोळायला हरकत नाही."

"मी नाय चोळायची."

"अहो, शिकलेला माणूस आहे तो!"

"आसंल. माझी बोटं पण शिकल्यात. तूही चोळू नकोस. पोर हाय ती, कणीक नाय."

आता जे मनात आलं ते लिहिते, लाज वाटते तरी लिहिते. मला वाटलं, नातू असता तर चोळलं असतं. शेवंता झाली तेव्हा आत्याबाई दोन दिवस गप्प होत्या, ते मी विसरले नव्हते. वाटलं, ही म्हातारी आकसानं माझ्या पोरीला आपल्या हाताचा गुण देत नाही. ठीक आहे, म्हटलं. माझेही हात आहेत.

कापणीचे दिवस होते. दुपारी आत्याबाई खळ्यावर गेल्या की मी शेवंताला गोठ्यात न्यायची, गोणपाटावर निजवायची आणि एरंडेल लावून चोळायची. खालून वर, अंगठ्यानं, चांगला जोर लावून. पहिले दिवस तिला गंमत वाटली. मग ती गोठ्याकडे निघालं की हात सोडवायला लागली. "आये, नको," म्हणायची. मी म्हणायची, "गप गो. असंच गुण येतो."

आत्याबाईंना वास आला. एकदा ताटावर बसताना म्हणाल्या, "एरंडेलाचा वास येतोय." मी म्हटलं, बैलाच्या खांद्याला लावलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी फडताळातली बाटली नव्हती. मी पोलादपूरच्या बाजारातून दुसरी आणली आणि पेंढ्यात ठेवली.

गाठ वाढत होती. मी स्वतःची समजूत घातली, की गाठ विरघळून पसरतेय म्हणून मोठी वाटते. माणूस स्वतःला किती फसवू शकतो, त्याला काही सुमार नाही. महिना-दीड महिना मी रोज चोळलं. मग एका सकाळी शेवंता परसात लघवीला बसली आणि तिथली माती लाल झाली.

*

पोलादपूरच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आले होते, तरुण होते. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला, अगदी आत्याबाईंसारखा. "पानथरी नाही. उद्याच्या उद्या मुंबईला न्या. आणि वाटेत कोणी पोट दाबायचं नाही. कोणीही नाही," म्हणाले. चिठ्ठी दिली. मी विचारलं, का नाही दाबायचं? म्हणाले, तिथं सांगतील.

मुंबईला एसटी स्टँडवर हे उभे होते. तिथून सरळ इस्पितळात. रांगा, कागद, परत रांगा. शेवटी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शेवंताला टेबलावर निजवलं. त्यांनी पोलकं वर केलं आणि थांबले. पोरीच्या कातडीला तेलाचा पिवळा डाग बसला होता. वास तर होताच.

"हे पोट कोण चोळत होतं?"

हे माझ्या शेजारी उभे होते. मी ह्यांच्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, आणि माझ्या तोंडातून शब्द गेला, "सासूबाई."

विचार करून नाही बोलले. पण गेला तो गेला. डॉक्टर चिडले, आम्हा दोघांना बोलले. ह्या गाठीच्या वर पातळ कवच असतं, ते दाबून फुटलं तर आतला रोग सगळ्या पोटात सांडतो, असं त्यांनी सांगितलं. ह्यांनी विचारलं, रोग कसला? तेव्हा ते म्हणाले, मूत्रपिंडाचा कॅन्सर.

कॅन्सर मी ऐकला होता. महाडला आमच्या आळीत एका म्हाताऱ्याला झाला होता, जन्मभर तंबाखू चघळून. मी म्हटलं, "साहेब, ही चार वर्षांची आहे हो. हिनं काय खाल्लं?" डॉक्टर पहिल्यांदा जरा मऊ बोलले. म्हणाले, हा लहान मुलांचाच असतो, कोणाच्या खाण्यानं होत नाही, कोणाच्या पापानं होत नाही. ऑपरेशन करू, विजेच्या यंत्राचा शेक देऊ, पुष्कळ मुलं जातात, काही राहतात. राहणाऱ्यांत ही असेल का, ते आज सांगता येणार नाही.

बाहेर बाकावर हे रडले. मी नाही रडले. माझ्या नखांत अजून एरंडेल होतं आणि मी ते पदराला पुसत होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी आईला कार्ड टाकलं. आत्याबाईंना वाचता येत नाही. आमच्याकडे पोस्टमन ओटीवर बसून कार्ड मोठ्यानं वाचतो, आणि मुंबईचं कार्ड ऐकायला आळीतल्या बाया जमतात. तसंच ते वाचलं गेलं. "तू माझ्या पोरीचा जीव घ्यायला बसली होतीस. डाक्टर बोलला. ह्यापुढं मी तुझ्या हातचं पाणी पिणार नाही." हे मला फार नंतर, शेजारच्या पार्वतीनं सांगितलं. आत्याबाईंनी काय केलं, विचारलं. पोस्टमनला पाणी दिलं आणि आत गेल्या.

*

शेवंताच्या खाटेवर तांबड्या अक्षरांची इंग्रजी पाटी लावली. आयाबाईंनी सांगितलं, पोटाला हात लावायचा नाही, असं लिहिलंय. डॉक्टरसुद्धा उगाच लावत नसत. आठ दिवस ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती.

ऑपरेशन झालं. गाठ आणि एक मूत्रपिंड काढलं. कवच एका जागी फुटलेलं निघालं, म्हणून शेकाचे दिवस वाढवले, औषधाच्या सुयाही वाढवल्या. हे कामावर गेलेले असताना मी एकटी डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले. विचारलं, चोळल्यानंच फुटलं का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. चोळल्यानं असेल. आपोआपही फुटतं." त्यांनी हो म्हटलं असतं तर मी कुठंतरी जाऊन डोकं आपटलं असतं. नाही म्हटलं असतं तर झोपले असते. दोन्ही झालं नाही, आणि ते अजून तसंच आहे.

शेक म्हणजे काय, नव्या आईला कोणी सांगत नाही. पोरीला एका जाड दाराच्या खोलीत एकटीला निजवतात आणि आपल्याला बाहेर काढतात. दुखत नाही. पण चार वर्षांच्या पोरीला ते कसं पटवायचं? पहिल्या दिवशी ती किंचाळली आणि दार बंद झाल्यावर आवाजच येईना, ते जास्त वाईट. मग यंत्रावरच्या दादांनी तिला सांगितलं, आत पडल्या पडल्या तुमच्या गोठ्यातल्या सगळ्या गुरांची नावं म्हण, संपली की दार उघडतो. आमची गुरं सहा. तिनं वरच्या वाड्यांवरची, माहेरची, सगळ्यांची नावं गोळा केली. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. देव त्याचं भलं करो.

सुयांनी तोंड आलं, केस गेले. वेणीचा पुंजका उशीवर राहिला तेव्हा शेवंता म्हणाली, "आये, परत लाव." शेजारच्या खाटेवर जुन्नरकडच्या रुक्मिणबाई होत्या, मोठ्या लेकीला घेऊन आलेल्या. तोंड आलं की जेवण गार करून द्यायचं, पेज गाळून द्यायची, पोरीला भरवायच्या आधी आपण खायचं नाहीतर घेरी येते, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. ताईंनी आम्हाला धर्मशाळेत जागा मिळवून दिली आणि आठवड्यातून एकदा व्हरांड्यात सगळ्या आयांना बसवायला लागल्या. पहिल्यांदा मी चिडले. म्हटलं, बोलून काय होणार? पण बसले.

आणि तिथं एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तिथं प्रत्येकीजवळ एक दोषी माणूस होतं. एकीला जावेची नजर लागली होती. एकीच्या मते नवऱ्याच्या दारूनं झालं. रुक्मिणबाई म्हणायच्या, लेक उंबरावरून पडली, मोठ्या दिरानं चढवली होती. डॉक्टर घसा कोरडा होईपर्यंत सांगत की कोणामुळे झालेलं नाही. सगळ्या मान हलवायच्या आणि आपलं माणूस सोडायच्या नाहीत. माझी पाळी आली की मीही म्हणायची, सासूनं चोळलं. बाया हळहळायच्या. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

रुक्मिणबाईंची लेक वाचली नाही. दुपारी खाट रिकामी झाली. जाताना त्यांनी पेज गाळायचं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, तुझी जगंल. मला त्यांच्या पाया पडायचं होतं. पण तेवढ्यात शेवंतानं उलटी केली आणि मी भांडं शोधायला धावले.

*

पुढच्या पावसाळ्यानंतर आम्ही घरी आलो. लोक बघायला आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. हा रोग लागतो म्हणे. ज्या आळीत माझ्या पोरीचं पोट दाबायला रांग लागली होती, त्याच आळीत तिच्याबरोबर खेळायला कोणी पोर पाठवेना. विहिरीवर एकीनं विचारलं, शेवंताचा तांब्या वेगळा ठेवलाय ना? मी म्हटलं, तुझ्या जिभेला वेगळा ठेव. भांडण झालं. अशी माझी बरीच भांडणं झाली आणि त्यातल्या एकाचंही मला वाईट वाटत नाही.

आत्याबाई पडवीत राहायला गेल्या होत्या. चूल वेगळी. त्यांच्याकडे चोळायला कोणी येत नव्हतं, वरच्या वाड्यांवरच्या बायासुद्धा ओटी टाळून जात. शिमग्याला हे आले की आईशी बोलत नसत. पडवीसमोरून जाताना मान वळवत. आत्याबाई मला एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. "पोर जेवते का?" एवढंच विचारायच्या. मी वाट बघत होते, की आज त्या ओरडतील, आज गावासमोर सांगतील. नाही सांगितलं. मग मला त्यांचा रागच यायला लागला. असा माझा स्वभाव.

आणि शेवंता. तिचे केस आले, अंग भरलं, शाळेत जायला लागली. एकदा आत्याबाईंनी तिला तिळाचा लाडू दिला, तर ती हात मागे घेऊन उभी राहिली. म्हणाली, "आजी, तू माझं पोट चोळलंस ना? मला आठवतं." तिला जागा आठवते, माणूस आठवत नाही. माणूस तिनं ऐकून ऐकून भरलं आहे. गोठा, गोणपाट, तेलाचा वास, सगळं सांगते, आणि माझ्या जागी आजीला बसवते. आत्याबाईंनी लाडू परत डब्यात ठेवला. मी चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिले.

डॉक्टरांपुढं मी ते नाव घेतलं, त्याला आता चौथं वर्ष आहे.

*

ताईंसाठी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी कोणाचंच नाव घातलं नव्हतं. "घरात अज्ञानामुळे पोट चोळण्यात आलं," असं लिहिलं होतं. वाचून बघितलं आणि फाडलं. मग हे लिहिलं. लिहून झाल्यावर पडवीत गेले आणि पहिल्यापासून इथपर्यंत आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

संपल्यावर म्हणाल्या, "मला काय नवीन वाचलंस? पेंढ्यातली बाटली मीच काढली न्हवं, तू गेल्यावर."

मी म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाही?"

"बोलून? माझ्या ल्येकाचा राग तुला ठाव हाय. त्यानं तुला तिथनंच माहेरी धाडली आसती. मग पोरीजवळ कोण बसलं आसतं? मी? मला त्या मुंबईत रस्ता वलांडता येत नाय." त्यांनी सूप झटकलं. "पोर बरी झाली म्हंजे तूच बोलशील, म्हटलं. येक शिमगा गेला, दुसरा गेला. मग म्हटलं, ही नाय बोलायची."

मी पाया धरायला वाकले. त्यांनी पाय आखडून घेतले.

"माझं पाय कशाला धरतेस? आन् त्या मुंबईच्या बायांना वाचून काय व्हनार? त्या मला वळखत नायत. ज्याला वाचाया पायजे त्याला वाच."

तर बायांनो, माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे. पोरीच्या पोटाला गाठ लागली तर दाबू नका, चोळू नका, कोणाला दाबू देऊ नका, मोठ्या इस्पितळात न्या. एक डॉक्टर काही नाही म्हणाला तरी दुसऱ्याला दाखवा. व्हरांड्यात बोलावलं तर जाऊन बसा. आणि तिथं जे माणूस दोषी म्हणून सांगाल, ते घरी एकटं जेवत असेल, तेवढं ध्यानात ठेवा.

हे शिमग्याला येणार आहेत. शेवंताला शेजारी बसवून, पडवीचं दार उघडं ठेवून, हा कागद मी ह्यांना वाचून दाखवणार आहे. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. वाचल्याशिवाय ताईंना पाठवायचा नाही, असं मी आत्याबाईंना कबूल केलं आहे. हा कागद तुमच्यापर्यंत पोचला असेल, तर मी वाचला.